अपग्रेडनंतर घरातल्या उपकरणांना आयपी ॲड्रेस मिळेना: बिघाड नेमका कुठे, ते कसं शोधायचं

राउटरचं फर्मवेअर अपडेट केलं, किंवा घरातल्या रास्पबेरी पायवर (हाताच्या पंजाएवढ्या छोट्या संगणकावर) नवी सिस्टीम चढवली, आणि तेव्हापासून फोनवर वायफायची रेंज पूर्ण दिसते पण नेट चालत नाही. प्रिंटर सापडत नाही, सीसीटीव्हीच्या ॲपवर काळा पडदा. अशा वेळी बहुतेकांचा हात टाचणी घेऊन राउटरच्या मागच्या रीसेटच्या भोकाकडे जातो. कृपया तेवढं करू नका. रीसेटने बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात, नेटवाल्याने टाकून दिलेला पीपीपीओईचा (त्याच्या नेटवर्कात लॉगिन करायचा) युजरनेम-पासवर्ड उडतो, आणि आधी एक अडचण होती तिथे दोन होतात.

उपकरणांना आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कातला त्यांचा पत्ता, आपोआप वाटणारी डीएचसीपी ही यंत्रणा तशी सरळ आहे. दोन यंत्रांमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि काम संपतं. म्हणून बिघाड शोधताना एकच प्रश्न धरून चालायचं: या चारपैकी कोणता निरोप पोचत नाहीये? त्याचं उत्तर मिळेपर्यंत एकही सेटिंग बदलायची नाही.

इथे मी हल्ली सर्रास दिसणारं घर गृहीत धरलंय. नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. त्याला जोडलेला आपला स्वतःचा राउटर. आणि हौशी लोकांच्या घरी एक रास्पबेरी पाय, ज्यावर पाय-होल बसवून जाहिराती अडवणं आणि ॲड्रेस वाटणं ही दोन्ही कामं सोपवलेली असतात. तुमच्याकडे पाय नसेल तर त्याचा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

आधी चार निरोप समजून घ्या

नव्याने जोडलेलं उपकरण सगळ्या नेटवर्कात ओरडून विचारतं, 'कुणी ॲड्रेस देतंय का?' हा डिस्कव्हर. वाटप करणारा सर्व्हर म्हणतो, 'हा घे, १९२.१६८.१.१२० मोकळा आहे.' ही ऑफर. उपकरण म्हणतं, 'हाच द्या.' ही रिक्वेस्ट. सर्व्हर म्हणतो, 'दिला, अमुक वेळापर्यंत तुझा.' हा ॲक. हे सगळं यूडीपीवर चालतं. सर्व्हर ६७ नंबरच्या पोर्टवर ऐकतो, उपकरण ६८ वर. १९९७ साली आरएफसी २१३१ मध्ये ही पद्धत नोंदवली गेली आणि आजही तुमच्या स्मार्ट टीव्हीपासून ऑफिसच्या लॅपटॉपपर्यंत सगळे आयपीव्ही४ साठी (म्हणजे चार आकड्यांच्या नेहमीच्या ॲड्रेससाठी) हेच करतात.

मिळालेला ॲड्रेस कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीच्या लीजवर मिळतो, ११ महिन्यांच्या भाडेकरारासारखा, आणि करार संपायच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाची खटपट सुरू होते. मुदतीचा अर्धा काळ उलटला की उपकरण आपल्या सर्व्हरला थेट विचारतं. उत्तर नाही आलं तर अधूनमधून पुन्हा विचारतं आणि जुनाच ॲड्रेस वापरत राहतं. मुदतीचा ८७.५ टक्के काळ संपला की मात्र ते पुन्हा सगळ्या नेटवर्कात ओरडून विचारायला लागतं. मुदत संपली की ॲड्रेस सोडून देतं.

हे इतकं खोलात सांगायचं कारण असं, की अपग्रेडनंतरचे बिघाड बऱ्याचदा उशिरा उगवतात. समजा लीज २४ तासांची आहे आणि टीव्हीला ती शनिवारी रात्री १० वाजता मिळाली. ११ वाजता तुम्ही अपग्रेड केलं आणि वाटप बंद पडलं. टीव्ही रविवारी सकाळी १० ला सर्व्हरला हाक मारेल, संध्याकाळी ७ ला सगळ्या घरात ओरडेल, आणि रात्री १० ला बंद पडेल. तोवर तो मजेत चालू असतो. लॅपटॉप मात्र शनिवारी रात्रीच रीस्टार्ट झाला तर तेव्हाच अडकतो. मग घरात वाद सुरू होतो: 'टीव्ही तर चालतोय, म्हणजे नेट नीट आहे, तुझ्या लॅपटॉपलाच काहीतरी झालंय.' चालू असलेलं उपकरण जुन्या लीजवर तग धरून असू शकतं, तेव्हा त्याच्याकडे बघून काही ठरवू नका. तपासायचं असेल तर एखाद्या फोनचं वायफाय बंद-चालू करून बघा. त्याला नवी लीज मिळते का, हे महत्त्वाचं.

पायरी १: उपकरणावर दिसणारा ॲड्रेस वाचा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा. मॅकवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग डिटेल्स, मग टीसीपी/आयपी. लिनक्सवर 'आयपी ॲडर'. अँड्रॉइडवर जोडलेल्या वायफायच्या नावापुढचं गिअर दाबलं की तपशील दिसतात. जे दिसेल ते कागदावर उतरवा. पुढे लागतं.

ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उपकरणाला कुणीच उत्तर दिलेलं नाही. कंटाळून त्याने स्वतःच एक ॲड्रेस लावून घेतलाय. विंडोज आणि मॅक दोन्ही असंच करतात. अँड्रॉइड तसं करत नाही, ते 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' अशा अर्थाच्या ओळीवर घुटमळतं आणि जोडणी सोडून देतं.

ॲड्रेस मिळालाय, पण तुमच्या नेहमीच्या पट्ट्यातला नाही, म्हणजे घरात १९२.१६८.१ चालतं आणि इथे १९२.१६८.० दिसतंय, तर उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलंय, किंवा अपडेटमध्ये राउटर फॅक्टरी सेटिंगवर गेलाय. थेट पायरी ३ वर जा.

ॲड्रेस बरोबर आहे तरी नेट नाही, तर डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा ॲड्रेस सांगणारा) या दोन ओळी पाहा. ॲड्रेससोबत या दोन गोष्टीही डीएचसीपीच सांगतं. डीएनएसच्या जागी पायचा ॲड्रेस असेल आणि पाय बंद असेल, तर साइटची नावं उलगडणार नाहीत. पण 'पिंग ८.८.८.८' (पिंग म्हणजे त्या ॲड्रेसला हाक मारून बघणं) ला उत्तर येईल. तसं आलं तर ॲड्रेसचं वाटप नीट चालू आहे, बिघाड डीएनएसचा आहे.

आणखी एक फसवं लक्षण आहे. यूट्यूब चालतं, गूगल उघडतं, पण इतर कितीतरी साइट लटकतात. आयपीव्ही६ (ॲड्रेसची नवी पद्धत) चा ॲड्रेस राउटरच्या वेगळ्या घोषणांमधून मिळतो, त्याला हे चार निरोप लागत नाहीत. त्यामुळे आयपीव्ही४ पूर्ण मेलेलं असतानाही आयपीव्ही६ वर चालणाऱ्या साइट उघडत राहतात. आपल्याकडे अनेक कनेक्शनवर आयपीव्ही६ आधीपासून चालू असतं, म्हणून हे ध्यानात ठेवा.

पायरी २: जोडणी तुटलीय की वाटप?

ही माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी आहे. फार वेळ लागत नाही आणि निम्म्या शंका तिथेच मिटतात.

शक्यतो लॅपटॉप केबलने थेट राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. एक्स्टेंडर, मेश (घरभर वायफाय पसरवणारे जोडडबे), मधला स्विच सगळं टाळा. मग लॅपटॉपला हाताने ॲड्रेस द्या: राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. विंडोज ११ वर हे सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग त्या जोडणीच्या पानावर 'आयपी असाइनमेंट'च्या पुढचं 'एडिट' इथे सापडतं. निवडलेला ॲड्रेस वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा, नाहीतर तो दुसऱ्या कुणाकडे असू शकतो.

आता राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर केबल, पोर्ट, राउटर सगळं जिवंत आहे आणि फक्त वाटप बंद पडलंय. उत्तर नाही आलं तर डीएचसीपीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ॲड्रेसचा पट्टा बदललाय का, पोर्ट गेस्ट नेटवर्कात गेलाय का, केबल धड आहे का, हे आधी बघा. राउटरचा ॲड्रेस माहीत नसेल तर जुन्या लीजवर अजून तगलेलं एखादं उपकरण शोधा. त्याच्या गेटवेच्या ओळीत तो मिळेल.

केबलवर लॅपटॉपला आपोआप ॲड्रेस मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, असं झालं तर बिघाड वायफायच्या बाजूला आहे. मेशच्या मुख्य डब्याचं फर्मवेअर नवीन आणि दुसऱ्या खोलीतल्या डब्याचं जुनं, असं अर्धवट अपडेट झालेलं असेल तर आधी ते पूर्ण करा.

चाचणी झाली की लॅपटॉप पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर ठेवायला विसरू नका.

पायरी ३: उत्तर कोण देतंय?

फर्मवेअर अपडेटनंतर घराघरांत होणारा बिघाड पाहायला गेलं तर हाच आहे: एका घरात दोन सर्व्हर वाटप करायला बसतात. ओएनटी ब्रिज मोडवर होता, म्हणजे स्वतः वाटप न करता नेट फक्त पुढे पोचवत होता, अपडेटने तो राउटर मोडवर परत आला. किंवा जुना राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरात होता, फर्मवेअर बदलताच त्याचं वाटप पुन्हा सुरू झालं. मग ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा ॲड्रेस उपकरण घेतं. फोन एका नेटवर्कात, प्रिंटर दुसऱ्यात. पुन्हा जोडलं की कधी चालतं, कधी नाही. 'मधूनच चालतं' असं कुणी म्हटलं की माझा पहिला संशय याच्यावर.

ओळखणं सोपं आहे. विंडोजच्या 'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' अशी ओळ असते. मॅकवर टर्मिनलमध्ये 'आयपीकॉन्फिग गेटपॅकेट ईएन०' चालवलं की सर्व्हर आयडेंटिफायर दिसतो. हा ॲड्रेस तुमच्या अपेक्षेतला आहे का? नसेल तर 'एआरपी -ए' चालवून त्याच्यासमोरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक; ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) बघा आणि घरातल्या डब्यांच्या खालच्या स्टिकरशी ताडून पाहा. एका डब्याच्या वेगवेगळ्या पोर्टचे मॅक ॲड्रेस शेवटच्या एक-दोन आकड्यांनी वेगळे असतात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे जुळले तरी पुरे.

खातरजमा करायची तर सगळे डबे बंद करून एकेक चालू करा, आणि प्रत्येक वेळी लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' व मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' चालवा. नको असलेला सर्व्हर सापडला की त्याच्या पानावर जाऊन वाटप बंद करा. ओएनटी पुन्हा ब्रिजवर नेणं काही ठिकाणी ग्राहकाच्या हातात नसतं, तिथे नेटवाल्याला सांगावं लागतं. तोवर आपल्या राउटरची वॅन (बाहेरचं नेट आत आणणारी) केबल ओएनटीला आणि घरातली बाकी सगळी उपकरणं आपल्या राउटरला, अशी जोडणी ठेवली की दोन वाटप आपोआप वेगळी पडतात. फक्त दोन्हीकडे एकच पट्टा नको. ओएनटी १९२.१६८.१ वर असेल तर आपला राउटर १९२.१६८.५० वगैरेवर न्या.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर वापरणाऱ्यांना याची उलट बाजू दिसते. त्याच्या लॅनवर दुसरा सर्व्हर आधीच उत्तर देत असेल तर ते स्वतःचं वाटप सुरूच करत नाही, आणि लॉगमध्ये तसं लिहून ठेवतं. 'फोर्स' हा पर्याय १ केला की सुरू होतं, पण आधी तो दुसरा सर्व्हर कोण, ते शोधा. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीपासून अनेक राउटरांवर लॅन पोर्ट मांडायची पद्धतच बदलली. तिथे जुनी सेटिंग राखून वर चढलात तर पोर्ट आणि वाटप दोन्ही गडबडतात. अशा वेळी सेटिंग कोरी ठेवून नव्याने भरणं हाच मार्ग.

पायरी ४: सर्व्हरच्या घरात डोकावा

वाटप राउटरच करत असेल तर इथे फार काही नसतं. त्याच्या पानावर डीएचसीपी चालू आहे का, पट्टा राउटरच्याच नेटवर्कातला आहे का आणि पुरेसा मोठा आहे का, एवढं बघा. पट्टा १०० ते ११९ असा वीसच ॲड्रेसचा असेल आणि घरात बल्ब, कॅमेरे, फोन मिळून पंचवीस उपकरणं असतील तर शेवटच्या पाचांना काही मिळणार नाही. अपडेटनंतर पट्टा आक्रसून मूळ सेटिंगवर गेला, असंही होतं.

वाटप पायवर असेल तर मात्र खरं काम इथे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म ही आवृत्ती आली आणि तिच्यात नेटवर्क सांभाळायचं काम डीएचसीपीसीडी या प्रोग्रॅमकडून नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेलं. आधीच्या काळात पायला कायमचा ॲड्रेस द्यायचा तर ईटीसी फोल्डरमधल्या डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये दोन-चार ओळी लिहायच्या, असं इंटरनेटवरच्या बहुतेक जुन्या लेखांत सांगितलेलं असतं. बुकवर्मवर ती फाइल आणून ठेवली तरी कुणी वाचत नाही. परिणाम काय होतो पाहा. पाय सुरू होतो. आपला कायमचा ॲड्रेस त्याला ठाऊक नाही, म्हणून तो नेटवर्कात विचारतो, 'कुणी ॲड्रेस देतंय का?' पण घरात ॲड्रेस देणारा तो स्वतःच आहे! त्याला ॲड्रेस नाही म्हणून तो कुणाला देऊ शकत नाही, आणि कुणी देत नाही म्हणून त्याला मिळत नाही. पाय-होलच्या आत वाटपाचं काम करणारं डीएनएसमास्क तेव्हा लॉगमध्ये स्पष्ट लिहितं: 'डीएचसीपी पॅकेट रिसीव्ह्ड ऑन ईटीएच० विच हॅज नो ॲड्रेस'. ही ओळ दिसली की शोध संपला.

सोडवायचं असं. आधी राउटरच्या पानावर तात्पुरतं वाटप सुरू करा, छोटा पट्टा आणि शक्य तेवढी कमी मुदत देऊन. घरातल्यांचं नेट सुरू होईल आणि पायलाही एक ॲड्रेस मिळेल. त्या ॲड्रेसवर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून कमांड देण्याच्या सोयीने) पायवर जा आणि 'सुडो एनएमटीयूआय' चालवा. निळ्या पडद्यावर 'एडिट अ कनेक्शन', मग 'वायर्ड कनेक्शन १', मग आयपीव्ही४ समोर 'मॅन्युअल'. ॲड्रेसच्या ओळीत १९२.१६८.१.२/२४ असं पूर्ण लिहा. शेवटचं /२४ विसरलात तर नेटवर्कमॅनेजर ते /३२ धरू शकतो, म्हणजे पायच्या दृष्टीने त्याच्या नेटवर्कात तो एकटाच उरतो. गेटवेला राउटरचा ॲड्रेस, डीएनएसला १२७.०.०.१. सेव्ह करून पाय रीस्टार्ट करा. पायला ॲड्रेस आला, पाय-होलचं वाटप सुरू झालं, एका फोनला त्याच्याकडून लीज मिळाली, एवढं पाहूनच राउटरचं तात्पुरतं वाटप बंद करा. ते तसंच राहिलं तर पायरी ३ मधला दुहेरी वाटपाचा घोळ तुम्हीच तयार केलात असं होईल.

लॉगमध्ये 'नो ॲड्रेस रेंज अव्हेलेबल' असं असेल तर पायला ॲड्रेस आहे, पण वाटपाचा पट्टा दुसऱ्याच नेटवर्कातला आहे. राउटर १९२.१६८.१ वरून १९२.१६८.० वर गेला आणि पाय-होलमधला पट्टा जुनाच राहिला की असं होतं. दोन्ही जुळवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पाय-होलची सहावी आवृत्ती आली, तिचा एक बदल अनेकांना नडतो. आता सगळी सेटिंग पायहोल डॉट टॉमल या एका फाइलमध्ये असते, आणि डीएनएसमास्क डॉट डी या फोल्डरमध्ये तुम्ही स्वतः लिहून ठेवलेल्या फाइली मूळ सेटिंगमध्ये वाचल्याच जात नाहीत. म्हणजे ॲड्रेस मिळतात, पण मुलांच्या टॅबला वेगळा डीएनएस द्यायची तुमची ओळ गायब. वेबपानावर सेटिंग्जमध्ये 'ऑल सेटिंग्ज' उघडून 'मिसलेनियस'खालचा 'ईटीसी डीएनएसमास्क डी' हा पर्याय चालू केला की त्या पुन्हा वाचल्या जातात. मी असतो तर त्या ओळी पाय-होलच्या सेटिंगमध्येच हलवल्या असत्या, म्हणजे पुढच्या अपग्रेडला पुन्हा शोधाशोध नको.

पायऐवजी जुन्या पीसीवर उबुंटू आणि डीएनएसमास्क असेल तर आणखी तीन जागा तपासा. पहिली, पोर्ट ५३. सिस्टीमडी-रिझॉल्व्ह्ड हा साइटची नावं उलगडणारा उबुंटूचा स्वतःचा घटक ५३ नंबरवर बसलेला असतो. तिथे जागा मिळाली नाही की डीएनएसमास्क सुरूच होत नाही, आणि डीएनएसच्या भांडणात ॲड्रेसचं वाटपही मरतं. 'जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क'मध्ये 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं दिसेल. रिझॉल्व्ह्डच्या सेटिंगमध्ये 'डीएनएस स्टब लिसनर' बंद केला की प्रश्न मिटतो. दुसरी जागा, नेटवर्क कार्डचं नाव. अपग्रेडमध्ये ते बदललं असेल आणि डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये जुनंच असेल तर ते चुकीच्या दाराशी बसून राहतं. तिसरी, फायरवॉल. यूडीपी ६७ उघडं आहे का ते 'यूएफडब्ल्यू स्टेटस'मध्ये पाहा.

पायरी ५: बाकी सगळं चालतं, एकच उपकरण अडतं

अपग्रेड सर्व्हरचं नसून उपकरणाचं झालं असेल तर सर्व्हरला हात लावू नका.

फोन किंवा लॅपटॉप अपडेट झाल्यावर त्याचा राखून ठेवलेला ॲड्रेस बदलला, असं झालं तर आधी त्याचा मॅक ॲड्रेस बघा. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) उपकरणं वायफायवर स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस न सांगता बनवलेला सांगतात. मॅकवर हेच २०२४ च्या सेक्वोयापासून आलं. बनवलेला ॲड्रेस नुसत्या नजरेने ओळखता येतो: त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असतं. ९२:३ए... असा दिसला तर दुसरं अक्षर २, म्हणजे बनवलेला. राउटरमधलं आरक्षण खऱ्या मॅक ॲड्रेसवर असल्याने ते लागू होत नाही, आणि वायफायवर मॅक फिल्टर लावला असेल तर उपकरण आतच येत नाही. घरच्या वायफायपुरतं त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट ॲड्रेस' बंद किंवा स्थिर ठेवा. सोसायटीच्या, कॅफेच्या वायफायवर चालूच राहू द्या, तिथे त्याचा खरोखर उपयोग आहे.

उबुंटू सर्व्हरवर वेगळंच कारण असतं. सिस्टीमडीचा नेटवर्क घटक ओळख म्हणून मॅक ॲड्रेसऐवजी मशीन-आयडीपासून बनवलेला क्रमांक पाठवतो. त्यामुळे तेच यंत्र सर्व्हरला नवखं वाटतं. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये 'डीएचसीपी-आयडेंटिफायर'ला 'मॅक' अशी किंमत द्या. एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रात घातली असेल तर दोघांचा मशीन-आयडी एकच असतो, आणि दोघांनाही एकच ॲड्रेस मिळू शकतो.

विंडोजवर सर्व्हिसेसमध्ये 'डीएचसीपी क्लायंट' चालू आहे का पाहा, व्हीपीएन आणि बाहेरचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून बघा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'नेटएसएच आयएनटी आयपी रीसेट' चालवून रीस्टार्ट करा. सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट' सगळ्यात शेवटी. तो वायफायचे पासवर्ड विसरतो आणि व्हीपीएनची जोडणीही मोडू शकतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय नकोच.

पायरी ६: तरीही कळेना, तर निरोप डोळ्यांनी पाहा

वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर अडलेल्या लॅपटॉपवर उघडा, नेटवर्क कार्ड निवडा आणि फिल्टरमध्ये 'डीएचसीपी' लिहा. जुन्या लेखांत 'बूटपी' लिहिलेलं आढळेल, ते २०१९ च्या ३.० आवृत्तीआधीचं. आता वायफाय बंद-चालू करा किंवा केबल काढून लावा.

नुसते डिस्कव्हरच एकामागून एक दिसले तर सर्व्हरपर्यंत हाक पोचत नाही किंवा तो मुका आहे: पायरी ४. डिस्कव्हरला दोन वेगवेगळ्या ॲड्रेसवरून ऑफर आल्या तर दोन सर्व्हर: पायरी ३. रिक्वेस्टला नाक, म्हणजे नकार आला, तर उपकरण जुन्या पट्ट्यातला ॲड्रेस मागतंय. एक नकार येऊन लगेच नवा डिस्कव्हर सुरू झाला तर काळजी नको, तसंच व्हायला हवं. ॲक मिळाल्यावर उपकरणानेच डिक्लाइन, म्हणजे 'हा नको' असा निरोप पाठवला तर तो ॲड्रेस दुसऱ्या कुणाकडे आहे. राउटरची लीजची वही अपडेटमध्ये पुसली गेली की असं होतं: कुणाला काय दिलंय ते त्याला आठवत नाही आणि तो वापरात असलेला ॲड्रेस पुन्हा वाटतो. अशा वेळी घरातली सगळी उपकरणं एकदा बंद-चालू केली की वही पुन्हा भरते. डीव्हीआर आणि प्रिंटरला हाताने ॲड्रेस दिलेले असतील तर ते पट्ट्याबाहेर न्या. त्याहून बरं म्हणजे त्यांना 'ऑटोमॅटिक'वर ठेवून सर्व्हरमध्ये आरक्षण करा. पुढे पट्टा बदलला तरी एकाच जागी दुरुस्ती करावी लागते.

पुढच्या अपग्रेडआधी

राउटरच्या वॅन, लॅन, डीएचसीपी आणि आरक्षणाच्या पानांचे फोटो काढून ठेवा. बॅकअप फाइल घ्याच, पण नव्या फर्मवेअरला जुनी बॅकअप फाइल दर वेळी पटते असं नाही. फोटो कायम वाचता येतात. पीपीपीओईचा पासवर्ड नेटवाल्याकडून आधीच मागून घ्या. वाटप पायवर असेल तर राउटरमधलं तात्पुरतं वाटप कुठून सुरू करायचं ते पान एकदा उघडून बघून ठेवा.

लीजच्या मुदतीबद्दल दोन मतं आहेत. ॲड्रेसचा पट्टा बदलणार असाल तर आदल्या दिवशी मुदत तासाभरावर आणा, म्हणजे सगळी उपकरणं लवकर नव्या पट्ट्यात येतील. पट्टा तोच राहणार असेल तर २४ तासच बरे. अपग्रेड फसलं तरी घरातल्या बऱ्याच उपकरणांचं काही तास अडत नाही आणि तुम्हाला शांतपणे दुरुस्ती करता येते.

दुरुस्ती झाली की लगेच सगळं आवरून टाकू नका. लीजच्या मुदतीचा अर्धा काळ उलटल्यावर एखाद्या लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' पुन्हा चालवा आणि 'लीज ऑब्टेन्ड'ची वेळ पाहा. ती पुढे सरकलेली असेल तर नूतनीकरणही नीट होतंय. जुनीच वेळ असेल तर पहिल्यांदा ॲड्रेस देताना सर्व्हर ऐकतो, पण थेट विचारल्यावर ऐकत नाही. तेव्हा 'डीएचसीपी सर्व्हर'च्या ओळीतल्या ॲड्रेसला पिंग करा आणि पायरी ४ मधली फायरवॉल पुन्हा तपासा.